फ्री मोशन क्विल्टिंगमध्ये टाके पुन्हा पुन्हा लहानमोठे पडतात: स्टिच रेग्युलेटर घेण्याआधी काय तपासावे

गोधडीच्या सरळ भागात टाके नेटके येतात, पण वळण आले की ते मोहरीएवढे बारीक होतात आणि वळण संपून हात मोकळा झाला की तांदळाच्या दाण्याएवढे लांब पडू लागतात, ही तक्रार घरच्या यंत्रावर फ्री मोशन क्विल्टिंग, म्हणजे कापड हाताने हवे तसे फिरवत गोधडीचे थर शिवण्याचे काम, करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने कधी ना कधी केलेली असते. चार दिवस सराव केला की सुधारणा दिसते, पुढची गोधडी यंत्रावर चढवली की दोष पुन्हा तिथेच दिसू लागतो, आणि अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की स्टिच रेग्युलेटर, म्हणजे हाताच्या वेगाप्रमाणे सुईचा वेग बदलून टाके समान ठेवणारे साधन, असलेले यंत्र घ्यावे का, हा विचार मनात येतो. या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर देणे मला योग्य वाटत नाही, कारण लहानमोठे टाके हे एकाच दोषाचे लक्षण नव्हे. निदान चार वेगवेगळ्या कारणांनी ते पडतात आणि रेग्युलेटर त्यांपैकी फक्त एका कारणावर उपाय करतो. आपल्याकडे नेमके कोणते कारण आहे हे दोन तासांत, जवळजवळ काहीही खर्च न करता शोधता येते, आणि ते शोधल्याशिवाय यंत्रावर पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे असेही कोणी समजू नये. हाताने घातलेल्या धावदोऱ्यात टाके थोडे कमीजास्त झाले तरी गोधडीचे काही बिघडत नाही, उलट त्या हाताची ओळखच त्यात राहते. यंत्राच्या शिलाईत मात्र एक मिलीमीटरपेक्षा बारीक टाके एकाच रेषेत दाटले की सुईच्या छिद्रांनी कापड कागदासारखे टोचले जाते, आणि वापरून विरलेल्या साडीचा किंवा धोतराचा थर असेल तर तो त्या रेषेवरच फाटतो. चार मिलीमीटरपेक्षा लांब टाके पांघरताना पायाच्या बोटात, पैंजणात अडकतात आणि धुण्यात तुटतात. म्हणून टाके दोन ते तीन मिलीमीटरच्या मधे, म्हणजे इंचाला साधारण नऊ ते बारा ठेवण्याचा आग्रह धरावा.

टाक्याची लांबी कोण ठरवते

नेहमीच्या शिलाईत सुईखालचे दाते प्रत्येक टाक्याला कापड ठरावीक अंतर पुढे सरकवतात. पेडल जोरात दाबले काय किंवा हलके दाबले काय, टाका तेवढाच राहतो, कारण सुई आणि दाते एकाच यंत्रणेला जोडलेले असतात. फ्री मोशनमध्ये आपण दाते खाली उतरवतो किंवा झाकतो, डार्निंग फूट, म्हणजे कापड कोणत्याही दिशेला मोकळे फिरू देणारा सुईभोवतीचा फूट, लावतो आणि कापड हाताने सरकवतो. त्या क्षणापासून टाक्याची लांबी म्हणजे हाताचा वेग भागिले सुईचा वेग, एवढाच हिशेब उरतो.

हा हिशेब आकड्यांत मांडला की दोष कुठे जन्मतो ते दिसते. यंत्र मिनिटाला ६०० टाके घालत असेल तर सेकंदाला १० टाके पडतात. टाका अडीच मिलीमीटरचा हवा असेल तर हाताने सेकंदाला २५ मिलीमीटर कापड सरकवले पाहिजे. लहान वळणावर हात आपोआप जपून चालतो आणि वेग सेकंदाला १२ मिलीमीटरवर येतो, म्हणजे टाका १.२ मिलीमीटरचा होतो. वळण संपले की हात सुटतो, वेग ४० मिलीमीटरपर्यंत जातो आणि टाका ४ मिलीमीटरचा होतो. या सगळ्यात यंत्राची चूक काहीच नसते. त्यातच पायाचा दाबही हाताबरोबर नकळत कमीजास्त होऊ लागला, तर एकाऐवजी दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात आणि कोणती चुकली हे ओळखता येत नाही.

रेग्युलेटर हा हिशेब उलट बाजूने सोडवतो. तो कापडाचा वेग मोजतो आणि त्या प्रमाणात सुईचा वेग कमी-अधिक करतो, म्हणजे हात पुढे जातो आणि सुई त्याच्या मागोमाग येते. बर्निना कंपनीच्या बीएसआर (बर्निना स्टिच रेग्युलेटर) या फुटाच्या मागच्या भागात संगणकाच्या माउसमध्ये असतो तसा प्रकाशावर चालणारा संवेदक असतो आणि तो फुटाखालून जाणारे कापड वाचतो. जानोमेनेही अलीकडे आपल्या मोठ्या यंत्रासाठी याच धर्तीचा रेग्युलेटर आणला आहे. हँडी क्विल्टरच्या बसून चालवण्याच्या काही यंत्रांत संवेदक टेबलातच बसवलेला असतो आणि तो गोधडी खालून वाचतो. चौकटीवरच्या लाँगआर्म यंत्रांत कापड स्थिर असते आणि यंत्रच रुळांवर फिरते, त्यामुळे तिथे चाकांना लावलेले मोजयंत्र हेच काम करते. प्रकार कोणताही असो, मोजली जाते ती सुईच्या तुलनेत कापडाची हालचाल, आणि बदलला जातो तो सुईचा वेग. दोऱ्याचा ताण, सुईची अवस्था, गोधडीचे वजन आणि आकाराची रेघ या चार गोष्टींना रेग्युलेटर स्पर्शही करत नाही.

माझ्याकडून झालेली चूक

मी रेग्युलेटर असलेले यंत्र घेतले ते वरचा हिशेब समजून घेण्याआधीच. पहिल्याच मोठ्या, दोन माणसांच्या पांघरुणाच्या मापाच्या गोधडीवर टाके पुन्हा लहानमोठे पडले आणि विशेष म्हणजे जुन्या यंत्रावर पडत होते त्याच जागी पडले. संवेदकाचे भिंग पुसले, फूट काढून पुन्हा बसवले, दोरा बदलला, शेवटी यंत्र दुरुस्तीलाही नेऊन आणले. तपासणाऱ्याने यंत्र निर्दोष असल्याचे सांगितले आणि ते खरेच होते. त्याने लहान तुकड्यावर शिवून दाखवलेले टाके छापल्यासारखे एकसारखे होते. मग माझ्या लक्षात आले की दोष लहान तुकड्यावर कधीच येत नाही, तो फक्त मोठ्या गोधडीवर येतो, आणि तोही मी डाव्या बाजूकडून उजवीकडे जाताना. गोधडीचा मोठा भाग टेबलाच्या डाव्या कडेवरून खाली लोंबत होता. मी उजवीकडे नेऊ लागले की ते वजन मागे ओढायचे, काठावर कापड अडायचे, मी जोर वाढवायची आणि अडलेले कापड एकदम सुटून पुढे यायचे. त्या हिसक्याचा वेग इतका असायचा की सुईला तो गाठताच येत नसे.

इथे रेग्युलेटरची एक मर्यादा समजून घ्यावी लागते. यंत्र मिनिटाला जास्तीत जास्त ९०० टाके घालू शकत असेल आणि टाका अडीच मिलीमीटरचा लावला असेल, तर सेकंदाला साडेसदतीस मिलीमीटरच्या पुढे हात गेला की रेग्युलेटरचे काही चालत नाही. सुई आपल्या कमाल वेगाने धावत असते आणि टाके तरीही लांब पडतात. बहुतेक यंत्रे अशा वेळी आवाज करून इशारा देतात. तो इशारा वारंवार येत असेल तर हात आवरावा, किंवा टाक्याची लांबी थोडी वाढवावी. दोन मिलीमीटरचा टाका लावला की हीच मर्यादा सेकंदाला ३० मिलीमीटरवर उतरते, हेही ध्यानात ठेवावे.

मी इस्त्रीचे टेबल यंत्राच्या टेबलाच्या उंचीला आणून डावीकडे लावले, गोधडीचा ढीग मांडीवर आणि त्या टेबलावर सैल ठेवला आणि त्याच दिवशी तो दोष गेला. नंतर कुतूहल म्हणून रेग्युलेटर बंद करून शिवून पाहिले, तर टाके पूर्वीपेक्षा कितीतरी सरस होते. इतकी वर्षे मी ज्याला हाताचा दोष समजत होते त्यातला मोठा वाटा टेबलाचा होता.

तपासणीचा क्रम

तपासणी यंत्रापासून सुरू करावी, कारण यंत्र अस्वच्छ असेल तर पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. सुईखालची पट्टी काढून दात्यांमधला आणि बॉबिनजवळचा भुसका ब्रशने काढावा. नवी सुई लावावी. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याला ९०/१४ ची आणि बारीक ५० नंबरच्या दोऱ्याला ८०/१२ ची सुई सहसा जुळते. आठेक तास शिवून झाले की सुई बदलावी असा साधारण संकेत आहे, आणि जरीचा काठ असलेल्या जुन्या साड्या थरांत असतील तर मी त्याहूनही लवकर बदलते. वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा भरावा, म्हणजे ताणातला दोष लपणार नाही.

आता यंत्राचा वेग मोजावा. दाते वर ठेवून, टाक्याची लांबी अडीच मिलीमीटर लावून, सुती कापडाच्या दुहेरी पट्टीवर सरळ शिलाई घालावी. इथे तीन थर घेऊ नयेत, जाड थरात दाते घसरतात आणि माप चुकते. वेग मर्यादित करणारी सरकपट्टी यंत्रावर असेल तर ती मध्यावर ठेवून पेडल पूर्ण दाबावे. वेग स्थिर झाला की कापडावर खूण करून दहा सेकंद शिवावे आणि तेवढ्या काळात झालेली शिलाई मोजावी. जितके सेंटिमीटर भरतील त्यांना २४ ने गुणले की मिनिटाला पडणारे टाके मिळतात. २५ सेंटिमीटर भरले तर ६००, २० भरले तर ४८०. खरे तर गुणाकाराचीही गरज नाही, कारण पुढच्या पायरीसाठी मोजलेली लांबीच उपयोगी पडते.

मग दाते उतरवावेत, डार्निंग फूट लावावा आणि दोन्ही बाजूंना सुमारे ४० सेंटिमीटर असा तीन थरांचा तुकडा नीट टाचून घ्यावा. त्यावर खडूने आधी मोजलेल्या लांबीएवढी सरळ रेघ आखावी आणि सरकपट्टी न हलवता, पेडल तसेच पूर्ण दाबून, ती रेघ बरोबर दहा सेकंदांत पार करण्याचा प्रयत्न करावा. घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर सेकंद मोठ्याने मोजायला सांगितले तर फार सोपे जाते. दहाव्या सेकंदाला रेघेचे टोक गाठले असेल तर टाका सरासरी अडीच मिलीमीटरचा झाला. नंतर इंचाइंचातले टाके मोजावेत. एका इंचात सात आणि पुढच्या इंचात चौदा असतील तर सरासरी बरोबर येऊनही हाताचा वेग समान नाही. रेघेनंतर हीच चाचणी पाच सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळांवर आणि टोकदार पानांवर करावी.

शेवटी हेच आकार खऱ्या गोधडीवर, तेही तिच्या मध्यभागी शिवून पाहावेत. तुकड्यावर टाके समान आणि गोधडीवर असमान, असा निकाल आला तर कारण वजन आणि घर्षण हेच आहे. अशा वेळी रेग्युलेटर घेऊन फारसे साधणार नाही. टेबल वाढवावे, यंत्राच्या पट्टीची पातळी आणि टेबलाची पातळी एक करावी, सुईखाली गुळगुळीत, घसरते शीट अंथरावे आणि बोटांना पकड देणारे रबरी ठिपक्यांचे हातमोजे वापरावेत. भिंतीला लावलेल्या टेबलावर शिवत असाल तर गोधडी पलीकडे पडत नाही, भिंत तिला अडवते, ही छोटीशी गोष्टही मोठा फरक करते. तुकड्यावर आणि गोधडीवर, दोन्हीकडे टाके असमान येत असतील तर मात्र प्रश्न हाताच्या वेगाचा आहे, आणि रेग्युलेटर नेमका याच प्रश्नासाठी बनवलेला आहे.

एका दिशेने टाके बरे आणि दुसऱ्या दिशेने वाईट, असाही निकाल पुष्कळदा येतो. आपल्याकडे ओढताना हात वेगळा चालतो, पलीकडे ढकलताना वेगळा, आणि बसण्याची उंची कमी असेल तर ढकलताना खांदे वर येतात. खुर्ची उंच करून पाहावी. आडव्या दिशेने शिवताना टाका किंचित तिरका दिसतो, तो मात्र दोष नव्हे. सुईभोवती दोरा ज्या बाजूने वेढला जातो त्यामुळे तसे दिसते आणि रेग्युलेटर असलेल्या यंत्रावरही ते तसेच दिसणार.

खालच्या बाजूच्या पापण्या

टाक्यांच्या लांबीशी ज्याची नेहमी गल्लत होते असा एक दोष वेगळा सांगायला हवा. गोधडी उलटून पाहिली की वळणांच्या कडेला वरच्या दोऱ्याचे बारीक फास पापण्यांसारखे ओळीने दिसतात. वरच्या दोऱ्याचा ताण फार कमी असणे हे त्याचे एक कारण, आणि सुईच्या मानाने हात फार वेगाने फिरवणे हे दुसरे. सुई कापडात असतानाच कापड ओढले गेले की सुई वाकते, टाका जिथे आवळायला हवा तिथे आवळत नाही आणि वरचा दोरा खाली ओढला जातो. सुई फार वाकली तर टाका सुटतो किंवा ती पट्टीवर आपटून मोडते.

रेग्युलेटरने पापण्या कमी होतात हे मी अनुभवाने सांगू शकते, पण त्या दुसऱ्या कारणाने पडत असतील तरच. पहिले कारण असेल तर त्या एकसारख्या अंतरावर, फार सुबकपणे पडत राहतील. म्हणून वरचा ताण अर्ध्या आकड्याने वाढवत, दर वेळी वर्तुळ शिवून, तुकडा उलटून पाहावे. वरून बॉबिनचा दोरा ठिपक्यांसारखा दिसू लागला की ताण जास्त झाला असे समजावे. फूट वर असतानाच दोरा ओवावा, कारण तो खाली असला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही आणि मग आकडा कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. माझ्याकडे शंका घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकींचा दोष एवढ्यानेच गेला आहे.

हाताचा वेग सरावाने किती सुधारतो

पुष्कळ सुधारतो. १९८९ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात पडुका येथील अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर क्विल्ट केलेल्या कलाकृतीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तोपर्यंत तिथला तो मान हाताच्या टाक्यांचाच होता. त्या काळी घरच्या यंत्रांना रेग्युलेटर नव्हता. हात आणि पाय यांचा मेळ बसू शकतो याला याहून वेगळा पुरावा मला लागत नाही.

सरावाची पद्धत मात्र योग्य हवी. सरकपट्टी मध्यावर ठेवून पेडल पूर्ण दाबून शिवावे, म्हणजे पायाचा प्रश्न निकालात निघतो आणि शिकायला फक्त हात उरतो. वेग अगदी कमी ठेवू नये, कारण फार संथ शिवताना हाताची प्रत्येक थरथर रेघेत उतरते. यंत्राचा आवाज एकसुरी राहिला की हात त्या लयीवर बसू लागतो. नजर सुईवर न ठेवता, जिथे जायचे आहे तिथे ठेवावी. थांबायचे असेल तर सुई कापडात असताना आणि आकाराच्या टोकावर थांबावे, वळणाच्या मध्यावर कधीही थांबू नये.

इंग्रजी शिकवण्यांत सरावासाठी जोडअक्षरांत आपले नाव लिहायला सांगतात. आपल्या छापील वळणाच्या देवनागरीत प्रत्येक अक्षराला हात उचलावा लागतो, त्यामुळे ते जमत नाही. पण मोडी लिहिणारे आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग लेखणी फारशी न उचलता अक्षरांमागून अक्षरे लिहीत जात, ती चाल या कामाला नेमकी लागू पडते. मी खडूने ओळ आखून तिच्याखाली न थांबता ‘ळ’ची साखळी शिवायला सांगते. ‘ळ’मध्ये डावे वळण, उजवे वळण आणि त्यांना जोडणारी मोकळी रेघ, असे तिन्ही प्रसंग लागोपाठ येतात, आणि नेमके याच तीन ठिकाणी टाके बिघडतात. रोज पंधरा मिनिटे, तीन आठवडे एवढे केल्यानंतर पुन्हा दहा सेकंदांची चाचणी घ्यावी आणि पहिल्या तुकड्याशेजारी ठेवून पाहावी.

रेग्युलेटर आल्यावर येणारे नवे दोष

टाके समान करणारे साधन बसवल्यावर टाके पुन्हा असमान झाले की माणूस फार गोंधळतो, म्हणून हे आधीच माहीत असावे. फुटात बसवलेल्या संवेदकाला खाली कापड दिसले पाहिजे. गोधडीच्या कडेशी भिंग कापडाबाहेर गेले, त्याच्याखाली पारदर्शक पट्टी किंवा चकचकीत कापड आले, फूट कापडावर नीट टेकला नाही किंवा भिंगावर भुसका बसला, की मोजमाप चुकते आणि सुई अडखळते. कडेच्या कामासाठी खालचे अस्तर आणि मधला थर चारही बाजूंनी रुंद ठेवावा, आणि वरच्या थरालाही एखादी पट्टी तात्पुरती जोडावी. भिंग दर वेळी बॉबिन भरताना मऊ कोरड्या कापडाने पुसावे, ही सवय उत्तम. चौकटीवरच्या यंत्रात मोजणारे चाक रुळाला नीट टेकत नसेल किंवा त्यात दोरा गुंतला असेल तर एकाच दिशेने टाके लांब पडतात, हे तिथले नेहमीचे कारण आहे.

बीएसआरमध्ये दोन पद्धती असतात. पहिलीत पेडल दाबलेले असेपर्यंत कापड थांबले तरी सुई संथपणे चालू राहते, दुसरीत कापड हलले तरच सुई हलते. पहिलीत टोकावर रेंगाळलात की बारीक टाक्यांची गाठ बसते. दुसरीत हात थांबला तेव्हा सुई कापडात असेलच असे नाही, त्यामुळे पानाचे टोक बोथट होते. पानेफुले, कोयरी, नथीचा आकडा असे टोकदार नक्षीकाम मी पहिल्या पद्धतीने, टोकावर न रेंगाळता शिवते. शिवाय रेग्युलेटर चालू असताना यंत्राचा आवाज हाताबरोबर चढत-उतरत राहतो, त्यामुळे एकसुरी आवाजावर हात बसवलेल्यांना सुरुवातीला तो बेचैन करतो. अगदी दाट, मिलीमीटर-दीड मिलीमीटरच्या टाक्यांची भरणी करताना मी तो बंदच ठेवते, कारण तिथे हाताची हालचाल इतकी लहान असते की सुईचे सतत थांबणे आणि निघणे लयीला मारक ठरते.

मग पैसे घालावेत का

घरगुती टेबलावरच्या बहुतेक यंत्रांना असा रेग्युलेटर बाहेरून आणून जोडता येत नाही, कारण त्याला यंत्राच्या मोटारीवर हुकूम चालवावा लागतो. म्हणजे किंमत फुटाची नसून त्याला चालणाऱ्या संपूर्ण यंत्राची असते. वर्षाला एखाद-दुसरी गोधडी शिवणाऱ्या, पहिल्याच वर्षात असलेल्या किंवा मुख्यतः बारीक भरणी करणाऱ्या व्यक्तीने तेवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. तिने आधी मोठे टेबल करून घ्यावे.

ज्यांच्या बोटांत संधिवात आहे किंवा हाताला कंप आहे, त्यांनी मात्र हा खर्च डोळे मिटून अनाठायी ठरवू नये. हाताचा वेग समान ठेवणे शरीरालाच अवघड झालेले असताना सरावाचा सल्ला देणे अन्यायाचे आहे, आणि अशा हातांना रेग्युलेटरने पुन्हा काम मिळवून दिलेले मी पाहिले आहे. दोन गोधड्यांच्या मध्ये महिनोन्‌महिने खंड पडणाऱ्यांनाही त्याचा खरा उपयोग होतो, कारण दर वेळी हात नव्याने बसवण्यात जाणारे दिवस वाचतात. मोबदला घेऊन दुसऱ्यांच्या गोधड्या शिवणाऱ्यांना, विशेषतः मोठी वळणे आणि लांब रेघा यांचे काम असणाऱ्यांना, तो लवकर वसूल होतो. चौकटीवर यंत्र उभ्याने फिरवायचे असेल तर मी रेग्युलेटर आवश्यकच मानते, कारण तिथे सबंध यंत्राचे वजन हातात असते आणि सुरुवात व थांबणे यांतला झटका हाताने सावरणे कठीण असते.

परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेतली घरगुती वीज १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्‌झची, आपली २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्‌झची. तिथले यंत्र इथे थेट लावले तर त्यातले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात, योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि हमी बहुधा ज्या देशात खरेदी झाली तिथेच चालते. संवेदक आणि मोटार यांचा संबंध असलेल्या यंत्राच्या बाबतीत जवळ दुरुस्ती मिळणे हे किमतीतल्या सवलतीपेक्षा मोलाचे आहे.

विकत घेण्यापूर्वी दुकानात दाखवतात त्या पातळ, कडक तुकड्यावर समाधान मानू नये. आपल्या नेहमीच्या कापडाचा, आपल्या नेहमीच्या जाडीचा तीन थरांचा मोठा तुकडा आणि आपला दोरा घेऊन जावे. निदान अर्धा तास, दोन्ही पद्धतींनी, वर्तुळे आणि टोकदार पाने शिवावीत, मग रेग्युलेटर बंद करून तेच आकार पुन्हा शिवावेत. दोन्हींत तुम्हाला स्वतःला फरक दिसत नसेल तर थांबावे.

चाचणीचे सगळे तुकडे जपून ठेवावेत. प्रत्येकावर तारीख, सुईचा आणि दोऱ्याचा नंबर, ताणाचा आकडा, सरकपट्टीची जागा आणि रेग्युलेटर चालू होता की बंद, एवढे न पुसणाऱ्या पेनाने लिहावे. पुढच्या गोधडीत दोष परत आला की नवा तुकडा त्याच आकड्यांवर शिवून जुन्याशेजारी ठेवता येतो, आणि फरक सुईत आहे, ताणात आहे, हातात आहे की टेबलाच्या कडेवरून लोंबणाऱ्या वजनात, हे पाच मिनिटांत कळते.